फाल्कच्या टोपीसाठी भिंग

फाल्कच्या टोपीला लावायला काहीतरी चमकणारं हवं होतं, म्हणून सोमवारी दुपारी मी प्रयोगशाळेतल्या जुन्या टेबलावरची पितळी नळी सोडवली. पीएचडीची तोंडी संपली की आमच्याकडे त्या माणसाला टोपी घालतात. विकतची नव्हे. बरोबरची माणसं काळ्या पुठ्ठ्याची टोपी करतात आणि त्याने इतक्या वर्षांत केलेले सगळे उद्योग तिच्यावर टांगतात: फुटलेला आरसा, जळलेली तार, आवडत्या बिअरचं झाकण, चुकलेल्या ट्रामची तिकिटं. अशा अकरा टोप्या मी केल्यात, ही बारावी. फाल्कची तोंडी गुरुवारी होती. ज्या नळीसमोर त्याने चार वर्षं काढली तिच्यातलं भिंग टोपीच्या शेंड्यावर बसवावं असं माझ्या मनात आलं. मोजमापं संपली होती, टेबलही पुढच्या महिन्यात निघणार होतं. नळी खिडकीशी नेली आणि आतली कडी सोडवण्याआधी सवयीने तोंडातून आत डोकावले. लेझरच्या बाजूचं तोंड होतं ते. भिंगाच्या काचेवर पाठीमागची खिडकी अख्खी उमटलेली दिसली, दोन्ही पडद्यांसकट. ती एवढीशी दिसायला हवी होती. नळीचं दुसरं टोक बघितलं. तिकडून खिडकी एवढीशी. मग कडी फिरवली, भिंग कागदावर घेतलं, कडेने दोन बोटांत धरून पुन्हा दोन्हीकडून पाहिलं. भिंग उलटं होतं. ते मीच बसवलं होतं, आठ वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून ती नळी कुणी उघडली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

ज्याचा या धंद्याशी संबंध नाही त्याला यात काय एवढं, असं वाटेल. एका बाजूने सपाट आणि एका बाजूने फुगीर असं भिंग असतं. लांबून सरळ येणाऱ्या प्रकाशाकडे त्याचं पोट करायचं, सपाट पाठ जिथे ठिपका पाडायचा तिकडे. उलटं बसवलं तरी ठिपका पडतो, पण घाणेरडा पडतो. भोवती फिकट कडं उमटतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. मीच शिकवते, दर ऑक्टोबरात, आणि दरवर्षी चार-पाच जण तरी उलटं बसवतात, मग मी त्यांची थोडी थट्टा करते. आणि माझं जे काही नाव आहे ते एका फिकट कड्यावर उभं आहे. आमच्या स्फटिकातून लेझर गेला की ठिपक्याभोवती कडं उमटतं, हा स्फटिकाचा आजवर कुणाच्या लक्षात न आलेला गुण आहे, असं मी प्रबंधात लिहिलं, मग तीन लेखांत लिहिलं, मग लिस्बनपासून ओसाकापर्यंत पडद्यावर दाखवलं. संस्थेत त्याला ग्रिटचं कडं म्हणायचे. ग्रिट म्हणजे मी. स्फटिक काढून पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं ना, त्याशिवाय कोण छापेल. पण भिंगाची नळी स्फटिकाच्या डबीलाच आट्यांनी बसवलेली. डबी काढली की नळीही निघायची, आणि रिकाम्या टेबलावर आम्ही दुसरं भिंग लावून बघायचो. ते दुसरं सुलटं होतं. कडं नाही. म्हणजे कडं स्फटिकाचं. त्या दुपारी मी भिंग फिरवून बसवलं, नळी डबीला लावली, लेझर चालू केला. वीस मिनिटं लागली असतील. कडं गेलं. ठिपका स्वच्छ होता, इतका देखणा ठिपका माझ्या टेबलावर कधी पडला नव्हता. मी कॉफी करून आणली आणि त्याच्याकडे बघत प्यायले.

माणूस आधी कारण शोधतो. मीही शोधलं. ज्या दिवशी ते बसवलं तो दिवस वहीत होता: फेब्रुवारीतला मंगळवार, बाहेर उणे चार, नळी वर्कशॉपमधून आली, भिंग बसवलं, लेझर सरळ केला. अक्षर नीट, शाई एकसारखी. मी दमलेली नव्हते, माझं कुणाशी भांडण झालं नव्हतं, घरी कुणी आजारी नव्हतं. बाबा तेव्हा धडधाकट होते. मी ते हातात घेतलं आणि उलटं बसवलं, बस्स. याची मला जास्त चीड आली. एखादं दुःख तरी असायला हवं होतं तिथे. खिडकी बघायची युक्ती तर मला बाबांनीच शिकवलेली, मी सहा वर्षांची असताना. ते इथल्या मोठ्या कारखान्यात भिंगं घासायचे, या गावात त्या काळी प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे असायचंच. एक्क्याण्णव साली भिंतीवर कामावरून काढलेल्यांच्या याद्या लागल्या आणि बाबा दुपारी दोन वाजता घरी आले. कधीच त्या वेळी आले नव्हते. खिशात रुमालात गुंडाळलेली दोन भिंगं होती. स्वयंपाकघरात बसून ती त्यांनी मला धरायला दिली आणि म्हणाले, मोठी खिडकी दिसली की सपाट, छोटी खिडकी दिसली की पोट. हे कळलं की अर्धं कळलं. आई भांडी घासत होती, तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. नंतर बाबांनी अठरा वर्षं बेकरीची गाडी चालवली. माझ्या तोंडीला ते सूट घालून पहिल्या रांगेत बसले होते, आणि पडद्यावर कडं आलं तेव्हा त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. चार वर्षांपूर्वी गेले. बरं झालं, असा विचार मनात आला आणि मला माझी शरम वाटली.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, माझी मुलाखत होती. प्रयोगशाळा-प्रमुखाची जागा, कायम. आमच्याकडे कायदाच असा आहे की पीएचडीनंतर सहा वर्षं विद्यापीठ तुम्हाला मुदतीच्या नेमणुकीवर ठेवू शकतं. मग कायम करा नाहीतर रामराम. माझी सहा वर्षं सप्टेंबरअखेर संपत होती. आमच्या अख्ख्या संस्थेत नऊ वर्षांत अशी एकच जागा निघाली होती, ती ही. लोकांना वाटतं प्रकाशावर पीएचडी केलेला माणूस बेकार हिंडत असेल. छे. ज्यांच्या टोप्या मी केल्या त्यांतला एकही उपाशी नाही. दोघे दक्षिणेत चिपा छापायच्या यंत्रांवर आहेत आणि तिकडच्या बोलीत बोलायला लागलेत. एक म्युनिकला पेटंटांच्या कचेरीत दुसऱ्यांच्या कल्पना वाचतो, एक गेराला शाळेत शिकवते आणि म्हणते की पोरं तिला लेझर काकू म्हणतात. हेन्रिएट विमा कंपनीत आहे; तिला विचारलं तर म्हणते, तिथे सगळं तेच आहे, फक्त प्रकाश नाही. काम मिळतं. फक्त ते वेळेत घ्यावं लागतं. तिसाव्या वर्षी गेलात तर पायघड्या घालतात, अडतिसाव्या वर्षी गेलात की समोरची पंचविशीतली मुलगी गोड हसून विचारते, इतकी वर्षं तुम्ही नक्की काय करत होतात? हे मला रोजगार कार्यालयात खरोखर विचारलं गेलं, जूनमध्ये. मी म्हटलं, कड्यावर काम करत होते. तिने ते टाइप केलं. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने मला बोलावलं होतं, नको म्हटलं. माझ्याकडे कडं होतं. तेव्हा मंगळवारी मला जे हवं होतं ते म्हणजे या गावात, याच इमारतीत काम करत राहायला मिळणं, आणि त्या जागेच्या अर्जात पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, काय होतं हे सांगायला नको.

मंगळवारी सकाळी, म्हणजे भिंग सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी नळी घेऊन तळघरातल्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे हेर एबरलाइन असतात, हेर म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. बाबांच्याच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेले, बाबांच्याच यादीत नाव आलेलं, मग विद्यापीठात मिस्त्री झाले. इथल्या प्रत्येक नळीचे आटे त्यांच्या हातचे. ते मला फ्राउ डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाई, म्हणतात, आणि म्हणताना दरवेळी कपाळाला बोट लावून सलाम करतात. मी नळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, आत बघितलं, दिव्याकडे फिरवली आणि म्हणाले, फिरवलंत की काय. मला आधी कळेचना. फिरवलंत म्हणजे? तर म्हणाले, आधी दुसऱ्या बाजूने होतं. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. मी आठ वर्षांपूर्वी, भिंग बसवल्यावर आठवड्याभरात, एक आटा सैल आहे म्हणून नळी त्यांच्याकडे पाठवली होती. त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

“मला वाटलं तुम्हाला तसंच हवं असेल. तुम्हा लोकांना सारखं काही ना काही वेगळं हवं असतं.”

“मी तेव्हा डॉक्टर नव्हते, हेर एबरलाइन. मी काहीच नव्हते.”

“होणार होतात की.” ते नळी फडक्याने पुसत राहिले. “एकदा मी एका डॉक्टरला सांगितलं होतं, तुमचा आरसा पालथा आहे. तो म्हणाला, तुम्ही तुमच्या पितळेचं बघा. आरसा पालथाच होता. पण त्यानंतर मी पितळेचंच बघतो.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. माझ्या बाबांना ते ओळखत होते, निदान त्यासाठी तरी सांगायला हवं होतं. मी तसं म्हणाले नाही. त्यांनीच वर पाहिलं आणि म्हणाले, तुमच्या वडिलांनी सांगितलं असतं. मग फडकं बाजूला ठेवत: नाही, त्यांनीही नसतं सांगितलं. आम्ही जिथे वाढलो तिथे वरच्या माणसाची चूक दाखवणं हा काही चांगला छंद नव्हता. मी म्हटलं, मी कधी वरची झाले? ते हसले आणि सलाम ठोकला.

दुपारी मी प्रोफेसर लीबेनाउंकडे गेले. ते माझे मार्गदर्शक, फाल्कचेही, आणि निवड समितीवरही होते. दोन वर्षांनी निवृत्त होणार. सभ्य माणूस, इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही, माझं श्रेय लाटलं नाही, ख्रिसमसला दरवर्षी बायकोने केलेली बिस्किटं डब्यातून आणतात. मी म्हटलं, फाल्कच्या नळीतलं भिंग. एवढंच झालं तोवर त्यांनी खुर्ची जरा खिडकीकडे वळवली. मोजमापं संपलीत ना, असं विचारलं. संपलीत, म्हटलं. मग टेबल निघायला हरकत नाही, म्हणाले. मी पुन्हा सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला, अगदी हळू, रस्ता ओलांडताना मोटारीला थांबवतात तसा. “फ्राउ ग्रिट, गुरुवारी फाल्कची तोंडी आहे. पुढच्या मंगळवारी तुम्ही आहात. जे काही आहे ते मला त्यानंतरच्या बुधवारी सांगा. मी बुधवारी दिवसभर मोकळा आहे.” मग ते म्हणाले की टेकडीवरची चेरीची झाडं यंदा लवकर पिवळी पडायला लागलीत. मी हो म्हटलं. जिन्यात आले तेव्हा मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. आजारी मुलाला शाळेतून सुट्टी मिळते तसं. वाटलं, किती समजूतदार आहेत, न ऐकताच ओळखलं की काहीतरी गंभीर आहे, आणि मला एक आठवडा दिला.

पण फाल्कचा प्रश्न राहत होता. फाल्क एकतीस वर्षांचा, त्स्विकाउचा, दाढी ठेवलेला, काम करताना शिट्टी वाजवणारा. त्याचा अख्खा प्रबंध माझ्या कड्यावर होता: स्फटिक तापवला की कडं कसं मोठं होतं. आता कळलं होतं कसं होतं ते. स्फटिक तापला की ठिपका किंचित पुढे सरकतो आणि उलट्या भिंगाची घाण जास्त दिसते. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून त्याला गावाबाहेरच्या एका कंपनीत जागा मिळाली होती, मोटारींचे दिवे तपासायच्या यंत्रांवर. अट एकच, तोवर पीएचडी हातात हवी. मी मंगळवारचा उरलेला दिवस आणि बुधवारची सकाळ मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. त्याला आज सांगितलं तर उद्या तो परीक्षकांपुढे थरथरत उभा राहील. परवा सांगितलं तर मी त्याला फसवलं असं होईल. कधीच नाही सांगितलं तर, आणि इथे मला जाणवलं की मी फाल्कच्या नावाखाली माझ्याच गप्प बसण्याची सोय बघत होते. बुधवारी जेवायच्या सुट्टीत त्याला खाली नदीकडे नेलं. कोपऱ्यावरच्या गाडीवर सॉसेज घेतले, मोहरीसकट, आणि बाकावर बसून मी एका दमात सांगून टाकलं. तो चावायचा थांबला नाही.

“जानेवारीत,” तो म्हणाला.

“काय जानेवारीत?”

“मी जानेवारीत उघडली होती नळी. धूळ होती म्हणून. फिरवून बघितलं, कडं गेलं. मग परत होतं तसं बसवलं.”

नदीवर बदकं होती. एक बाई त्यांना पाव घालत होती, आणि घालू नका अशी पाटी तिच्या डोक्यावरच होती. मी ती पाटी दोनदा वाचली. मग विचारलं, आठ महिने? तो म्हणाला, हो, आठ महिने. त्याला वाटलं होतं मला माहीत असेल. मग वाटलं माहीत नसेल. मग कळेनासं झालं की यातलं काय वाईट. “तुझी जागा निघाली होती, ग्रिट. तू इतकी खूश होतीस. रोज सकाळी येऊन खिडक्या उघडायचीस. मी काय सांगायचं होतं?” मी म्हटलं, सांगायचं होतंस. तो म्हणाला, आणि मग माझं काय झालं असतं? त्याने बोटं पुसली आणि जरा चाचरत म्हणाला की त्याने ते लिहिलंय. एकशे बाराव्या पानावर. मला ते वाक्य पाठ होतं. मीच प्रबंध तपासला होता. कड्याच्या निर्मितीत भिंगाचा वाटा पूर्णपणे नाकारता येत नाही. समासात मी पेन्सिलीने लिहिलं होतं: छान, विनयशील. त्या एका वाक्यावर फाल्क सुटला होता. उद्या कुणी विचारलं तर तो पान दाखवू शकत होता. मी सगळ्या अर्जात, सगळ्या लेखांत, कुठेही असं वाक्य लिहिलं नव्हतं, कारण मला खात्री होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने आलं की एकटेपणाने, कोण जाणे. फाल्कने पाठीवर हात ठेवला, मोहरीचा वास असलेला. तो म्हणाला, कंपनीत त्यांनी मला फक्त इतकंच विचारलं, गाडी चालवता येते का.

गुरुवारी सगळं नेहमीसारखं झालं. पन्नास मिनिटं भाषण, तासभर प्रश्न. बाहेरून आलेल्या परीक्षकाने एकशे बारावं पान उघडलं आणि त्याने तिथे छापलेल्या आलेखाच्या रंगांबद्दल विचारलं. फाल्कला दुसरी श्रेणी मिळाली. अंगणात शेगडी पेटवली होती, त्याची आई त्स्विकाउहून बटाट्याचं सॅलड घेऊन आली होती, आणि मी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. शेंड्यावर भिंग होतं. ठेवू की नको असं मी पहाटेपासून म्हणत होते, शेवटी ठेवलं, पोट वर करून. फाल्कने टोपी काढून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्यांदा हसला, आणि आजूबाजूचे सगळे हसले, का ते न कळता. लीबेनाउंनी पेला उंचावला. एबरलाइन शेगडीशी उभे राहून सॉसेज उलटत होते. मला एकाएकी असं वाटलं की त्या अंगणात सगळ्यांशी माझं काहीतरी ठरलेलं आहे, आणि काय ठरलंय ते मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. मग मी सॅलड घेतलं. चांगलं होतं.

रविवारी आईकडे गेले. ती अजून त्याच वसाहतीत राहते, दहाव्या मजल्यावर, खिडकीतून गोल मनोरा आणि पांढऱ्या टेकड्या दिसतात. रविवारी बटाट्याचे गोळे असतात, मधे तळलेल्या पावाचे तुकडे, त्यावर रस्सा. मी तिला सगळं सांगितलं. तिला भिंगांमधलं फारसं कळत नाही, पण तिने मन लावून ऐकलं, आणि विचारलं, त्यांनी तुला याबद्दल विचारलंय का? नाही, म्हटलं. मग झालं तर, ती म्हणाली, न विचारलेलं कशाला सांगायचं. ती हे सहज म्हणाली, मीठ दे म्हणावं तसं. आयुष्याची पहिली चाळीस वर्षं ती आता नकाशावर नसलेल्या ज्या देशात राहिली तिथे हे वाक्य म्हणजे शहाणपण नव्हतं, दात घासण्यासारखी सवय होती. पण मी तर त्या देशात सहाच वर्षं होते. मी म्हटलं, आई, ती जागा मिळाली तर मला पासष्टीपर्यंत तिथे बसायचंय. त्यात वाईट काय, आई म्हणाली, तुझ्या बाबांना बसू दिलं असतं तर ते पण बसले असते. ती उठली आणि माझ्या ताटात तिसरा गोळा वाढला. परत येताना ट्राममध्ये मी सत्तावीस वर्षं मोजून पाहिली. दर ऑक्टोबरात नवी मुलं, दर ऑक्टोबरात चार-पाच जण भिंग उलटं बसवणार, आणि मी त्यांची थट्टा करणार. की नाही करणार? यातलं कुठलं जास्त कठीण जाईल, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. तोवर माझा थांबा मागे गेला होता.

मंगळवारी अकराला बोलावलं होतं. मी काय करायचं ते ठरवलं नव्हतं. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस ठरवून जातो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, भाषण पाठ होतं, वीस मिनिटांचं, त्यात भिंगाबद्दल अवाक्षर नव्हतं. लांबट टेबलामागे पाच जण. मधे अध्यक्ष, गणितातले; त्यांच्या उजवीकडे लीबेनाउ; डावीकडे दुसऱ्या शहरातून आलेल्या एक राखाडी केसांच्या बाई, ज्यांचे लेख मी विद्यार्थिनी असल्यापासून वाचत आलेय; आणि कचेरीचे दोघे. मी पहिलं चित्र लावलं. पडद्यावर कडं आलं, फिकट, गोल, भोवती अंधार. ते मला नेहमी आवडायचं. मी म्हटलं, हे कडं स्फटिकाचं नाही. माझाच आवाज, तोच भाषणाचा. हे उलट्या बसवलेल्या भिंगाचं आहे, भिंग मी बसवलं होतं, फिरवल्यावर कडं जातं, हे दुसरं चित्र. मग दुसरं चित्र लावलं, गेल्या आठवड्यातल्या सोमवारी टिपलेला तो स्वच्छ ठिपका; काही ठरवलं नसतानाही ते मी सकाळी फाइलीत घालून ठेवलं होतं. तीनही लेख मागे घ्यायचं पत्र मी आज पाठवतेय, म्हटलं, आणि ते म्हणताक्षणी मला कळलं की हो, पाठवणार आहे. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. वीसपैकी सोळा मिनिटं उरली होती आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. आणि खूप दिवसांनी मला भूक लागली होती.

अध्यक्षांनी कागद एकावर एक नीट रचले. ते म्हणाले, हे फार प्रांजळ आहे, समिती त्याचा आदर करते. मग म्हणाले, तुम्ही स्वतःच अर्ज मागे घेतलात तर कदाचित तुमच्या दृष्टीने ते अधिक शोभेल. मी म्हटलं, नाही, तुम्हीच नाकारा. कचेरीतल्या एकाने ते लिहून घेतलं. तिथे प्रत्येक उमेदवाराला अर्धा तास प्रश्न विचारायचा नियम आहे, आणि त्या पाचांतल्या एकालाही माझ्याकडून काहीही जाणून घ्यायचं नव्हतं. मी एकेकाकडे पाहिलं. दचकलेलं कुणी दिसलं नाही. गणितवाल्यांचं समजू शकते, त्यांना भिंगातलं काही कळत नसेल. पण बाकीच्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आश्चर्य नव्हतं. अवघडलेपण होतं, घरातलं काही चारचौघांत निघाल्यावर होतं तसलं. अध्यक्षांना शेवटी नियमातलं शेवटचं वाक्य सापडलं. तुम्हाला समितीला काही विचारायचंय का?

“एकच,” मी म्हटलं. “तुमच्यापैकी कुणाकुणाला हे आधीपासून माहीत होतं?”

अध्यक्षांनी रचलेले कागद पुन्हा रचले. मग लीबेनाउंनी हात वर केला, वर्गात अभ्यास न केलेली मुलं करतात तसा, कोपर टेबलावरच ठेवून. त्यांच्याकडे बघून राखाडी केसांच्या बाईंनीही केला.